मागून येणारी गाडी

ज्या मोटारीत चालकाच्या जागी कोणीही बसलेले नाही, अशी एक मोटार ताशी ६० मैलांच्या वेगाने आपल्या पाठोपाठ येत आहे, आपण वळलो की वळते आहे, आपण थांबलो की थांबते आहे, हे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात भय, विस्मय आणि थोडेसे हसू ही तिन्ही एकदम उभी राहतात. २०२३ सालच्या मे महिन्यात, कोर्टाला उन्हाळी सुट्टी असताना, अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातून जाणाऱ्या महामार्गावर मी ते पाहिले. चालकाशेजारच्या माझ्या आसनापुढे एक लहानसा पडदा होता आणि त्यात आमच्या पाठीमागचा रस्ता दिसत होता. त्या पडद्यात एक लाल जीप सारखी आमच्या मागे लागलेली होती.

"काका, ती आपल्याला गाठील हं!" मी अभावितपणे बोलून गेलो.

रस्त्यावरची नजर न काढता काका म्हणाले, "गाठायला आधी ती सुटलेली हवी ना!"

काका म्हणजे माझ्या वडिलांचे सर्वांत धाकटे बंधू. अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते १९८१ साली अमेरिकेस गेले आणि तेथेच राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहते घर विकले, भांडीकुंडी मुलांना वाटून दिली आणि ३४ फूट लांबीचे एक मोटारहोम विकत घेतले. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घरच. आत स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पलंग, कपाटे, सर्व काही. काकींच्या आग्रहामुळे एका फळीवर देवघरही होते. गाडीच्या धक्क्यांनी मूर्ती घसरू नयेत म्हणून प्रत्येक मूर्तीखाली त्यांनी चिकटमातीची एकेक गोळी लावली होती. सकाळी निघण्यापूर्वी निरांजन ओवाळायचे, ते विझवून डब्यात ठेवायचे आणि मगच चावी फिरवायची, असा त्या घराचा नेम होता.

मी त्यांच्याकडे पाहुणा म्हणून आलो आहे, असे आम्ही सर्वच म्हणत होतो. खरी गोष्ट निराळी होती. माझ्या बॅगेच्या तळाशी एका खास मुखत्यारपत्राचा मसुदा होता. आजोबांच्या गोव्यातील घरावरचा आपला हक्क सोडून देण्याचा अधिकार काका आणि काकी मला देत आहेत, असा त्याचा आशय. घराचे वासे कुजले होते, माजघराच्या एका कोपऱ्यात प्रत्येक पावसाळ्यात पाणी पडत होते आणि दुरुस्तीसाठी पैसे काढायला कोणी तयार नव्हते. कारण काकांच्या हिश्शाचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पत्रांना त्यांचे उत्तर ठरलेले असे, "पुढल्या वर्षी येतो, मग बघू." शेवटी भावंडांनी मला सांगितले, "तू वकील आहेस. तूच जा आणि सही घेऊन ये." आल्बुकर्कीला विमानातून उतरल्यापासून दोन दिवस झाले होते, आणि मी त्या विषयाचा एक शब्दही काढला नव्हता.

पण आधी त्या जीपविषयी सांगितले पाहिजे.

इतके मोठे घर बरोबर असताना मागे ही मोटार कशाला, हा माझा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मला बाहेरून मिळण्याची गरज नव्हती. ते आमच्या गावच्या जत्रेतच होते. जत्रेला महारथ देवळाच्या प्रांगणात फिरतो. त्याची उंची, त्याचे वजन, ओढणाऱ्यांची गर्दी, यांना तेवढीच जागा सोसते. वाड्यावाड्यांवर जाऊन घरोघरच्या आरत्या घ्यायच्या असतील तर देवालाही पालखीत बसावे लागते. मोटारहोमचे तसेच आहे. महामार्गावर ते शोभते. पण दूध-भाजी आणायला, डॉक्टरकडे जायला, डोंगरातल्या अरुंद रस्त्याने एखादे स्थळ पाहायला ते बाहेर काढायचे म्हणजे वीज-पाण्याच्या नळ्या सोडा, पायटेकू उचला, कपाटे बंद करा, आणि तिथे पोचल्यावर उभे करायला जागा शोधा. म्हणून मुक्कामाच्या तळावर घर उभे करायचे आणि लहान मोटारीने हिंडायचे.

या भटक्या गृहस्थांनी मागच्या मोटारीला दोन नावे ठेवली आहेत. ‘ओढलेली’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि बेडकासाठी असलेला एक इंग्रजी शब्द, दोन्हींचा उच्चार ‘टोड’ असाच होतो. तेव्हा तिला गमतीने बेडूक म्हणतात. दुसरे नाव ‘डिंगी’. मोठ्या जहाजाच्या मागे दोराने बांधलेली लहान होडी, ती डिंगी. हा शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून नेला, असे मी सांगितले तेव्हा काका मनापासून खूश झाले. त्यांचे बालपण नदीकाठी गेले होते. "म्हणजे मी होडीच बांधून हिंडतोय म्हण की," ते म्हणाले.

लहान मोटार बरोबर नेण्याचे मार्ग तीन. ती संपूर्ण उचलून ट्रेलरवर चढवावी. किंवा पुढची दोन चाके ‘डॉली’ नावाच्या लहान गाड्यावर ठेवून मागची दोन रस्त्यावर फिरू द्यावीत. किंवा चारही चाके जमिनीवर ठेवून नुसत्या दांड्याने ओढीत न्यावी. पहिल्या दोहोंत वजन वाढते आणि मुक्कामी पोचल्यावर तो रिकामा ट्रेलर वा डॉली ठेवायची कुठे, हा प्रश्न उभा राहतो. तिसऱ्या मार्गात दांडा सोडवून घडी घातली आणि घराच्या पाठीशी टेकवून ठेवला की काम झाले. काकांनी तिसरा मार्ग पत्करला होता.

मात्र या मार्गाने वाटेल ती मोटार नेता येत नाही. इंजिन बंद केले आणि गिअर न्यूट्रलमध्ये टाकला की मोटार म्हणजे नुसता चार चाकांचा गाडा, अशी माझी समजूत होती. काकांनी ती दूर केली. आपोआप गिअर बदलणाऱ्या बऱ्याच मोटारींत गिअरपेटीला वंगण पुरविणारा पंप इंजिनाच्या बळावर चालतो. इंजिन बंद, की पंप बंद. चाके मात्र रस्त्यावर फिरतच असतात आणि पेटीतील काही भागांना आपल्याबरोबर फिरवीत असतात. वंगणाविना फिरणारे ते पोलाद तापते, झिजते आणि काही वेळाने पेटी निकामी होते. बाहेरून पाहणाऱ्याला मोटार स्वस्थ, मुकाट्याने मागून येताना दिसते. आत तिचा नाश चाललेला असतो. म्हणून मोटार घेण्यापूर्वी तिच्या माहितीपुस्तकातील एक लहानसे प्रकरण वाचावे लागते, ज्यात ती अशी ओढता येईल की नाही हे स्पष्ट लिहिलेले असते. होंडा कंपनीची सीआर-व्ही ही मोटार २०१४ च्या नमुन्यापर्यंत या कामी फार लोकप्रिय होती. २०१५ पासून तिची गिअरपेटी बदलली आणि ती बाद झाली. विजेवर चालणाऱ्या मोटारींची अडचण आणखी वेगळी. त्यांची चाके बाहेरून फिरविली की आतली मोटर उलट वीज निर्माण करू लागते; म्हणून टेस्लासारख्या मोटारी अशा नेऊच नयेत असे त्यांचे कर्तेच सांगतात.

काकांची जीप रँग्लर या कामी उत्तम मानली जाते, आणि त्याचे कारण मोठे मार्मिक आहे. तिच्यात गिअरपेटी आणि चाके यांच्या मधोमध ‘ट्रान्सफर केस’ नावाची आणखी एक पेटी असते. इंजिनाची शक्ती दोन चाकांना द्यायची की चारांना, हे ती ठरवते. या दुसऱ्या पेटीलाही स्वतःचा न्यूट्रल असतो. तो घातला की चाकांचा गिअरपेटीशी असलेला सारा संबंध तुटतो. मग पहिली पेटी ‘पार्क’मध्ये, म्हणजे पूर्ण अडकवून, ठेवायची. तेव्हा ही जीप एकाच वेळी जागच्या जागी उभीही असते आणि ताशी ६० मैलांनी धावतही असते! तिचे अंतर मोजणारे यंत्र त्या धावण्याची नोंदसुद्धा घेत नाही. चावी त्या स्थितीत असताना मागून केलेला प्रवास तिच्या खात्यात जमा होत नाही. टायर तेवढे झिजतात.

"न्यूट्रल म्हणजे बंद नव्हे," काका म्हणाले. "लोकांची चूक होते ती इथंच. बंद केलेली गाडी अडकलेलीच असते."

मला गीतेतला ‘उदासीन’ हा शब्द आठवला. आपण आज त्याचा अर्थ खिन्न असा करतो. मूळ अर्थ बाजूला, तटस्थ बसलेला असा आहे. जो खिन्न होऊन गप्प बसला तो तटस्थ झाला असे नव्हे. या भेदाला त्या जीपमध्ये एक स्वतंत्र दांडी होती, एवढेच.

गाडी जोडण्याचा विधी पाहण्यासारखा होता. विधी हा शब्द मी विचारपूर्वक योजतो. कारण त्यात क्रम होता, मंत्र होते आणि चुकीला प्रायश्चित्त होते. काकी हातात एक कागद घेऊन उभ्या राहत आणि एकेक कलम मोठ्याने वाचीत; काका ते कलम पार पाडून "झालं" असे उत्तर देत. सपाट जागेवर जीप घराच्या मागे आणायची. दांड्याचे दोन्ही हात तिच्या पुढच्या बाजूस बसविलेल्या पोलादी आधाराला पिनांनी जोडायचे. दांडा सुटलाच तर मोटार वाऱ्यावर जाऊ नये म्हणून दोन जाड तारा एकमेकींना छेद देऊन लावायच्या. दिव्यांची केबल जोडायची. म्हणजे पुढच्या घराने वळण्याचा वा थांबण्याचा इशारा दिला की तो मागच्या जीपच्या दिव्यांतूनही दिसतो. चालकाच्या पायाशी एक पेटी ठेवायची. घराचा वेग कमी होत आहे हे ओळखून ती जीपचा ब्रेक स्वतः दाबते. आणखी एक बारीक तार असते. सारे जोड तुटून जीप निसटली तर ती तार एक खुंटी उपसते आणि जीपचे ब्रेक आपोआप लागतात. मग ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये. तो खरोखर पडला का हे पाहण्यासाठी इंजिन सुरू करून गिअर एकदा पुढचा आणि एकदा मागचा घालायचा. जीप तसूभरही हलता कामा नये. मग इंजिन बंद, गिअर पार्कमध्ये, चावी अशा जागी की स्टिअरिंगला कुलूप पडू नये. आणि सर्वांत शेवटी हँडब्रेक सोडायचा.

एवढ्यावरही विधी संपत नसे. काका घर २०-३० फूट पुढे घेत आणि काकी बाजूला उभ्या राहून पाहत. जीपची चारही चाके फिरताना दिसली की त्या हात वर करीत. तो हात वर झाल्याशिवाय काका महामार्गाला लागत नसत.

माझ्यातील वकिलाने विचारले, मागच्या मोटारीला स्वतंत्र ब्रेक असलाच पाहिजे असा कायदा आहे काय? काका म्हणाले, राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. बऱ्याच ठिकाणी ३,००० पौंडांवरील वजनाला तो लागतो, काही ठिकाणी त्याहून कमी वजनालाही. "पण उतारावर ४,००० पौंडांची जीप पाठीत बसते, ती राज्याची सीमा पाहून बसत नाही," असे म्हणून त्यांनी माझे कायदेपांडित्य तिथेच थांबविले. आमचा रस्ता ७,००० फुटांहून उंच चढून पुन्हा उतरत होता, आणि त्या उतारांवर मला त्यांचे म्हणणे पटले.

या जोडणीचा एक नियम काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. पुढे कितीही जा. मागे मात्र येता येत नाही. ट्रेलर मागे ढकलता येतो, ही जीप नाही. मागे रेटू लागले की तिची पुढची चाके एका बाजूस पुरती वळतात, आडवी फरफटत जातात आणि दांडा वाकतो. याचा प्रत्यय होलब्रुक गावाजवळ आला. पेट्रोल पंप शोधताना काका एका रस्त्यात शिरले आणि तो रस्ता एका कुंपणापाशी संपला. पुढे कुंपण, मागे जीप. ५० फुटांहून लांब असे आमचे ते सर्व वैभव तिथे निरुपाय होऊन उभे राहिले. काका रागावले नाहीत, हळहळलेही नाहीत. खाली उतरले, पिना काढल्या, तारा सोडल्या, जीप वेगळी करून वळवली, घर वेगळे करून वळवले, आणि पुन्हा जोडणी केली. पाऊण तास गेला.

"परत फिरायचं असेल तर आधी सुटं व्हावं लागतं," घाम पुसत ते एवढेच म्हणाले. ते जीपविषयीच बोलत होते. पण मला बॅगेतले कागद आठवले आणि मी उगाच दूर पाहू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्ट धरला की आजची जोडणी मी करणार. काकांनी हसून मान्य केले आणि ते चालकाच्या जागी जाऊन बसले. काकी कागद वाचू लागल्या. मी पिना बसवल्या, तारा लावल्या, दिवे पाहिले. दस्तऐवजाची कलमे तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला यात अवघड ते काय, असा माझा आविर्भाव होता. ट्रान्सफर केसही नीट पडला. इतक्यात खिशातला फोन वाजला. गोव्याहून चुलतभाऊ बोलत होता. "विषय काढलास का रे? इकडे बांबू आणून ठेवलेत. पाऊस तोंडावर आलाय." मी खालच्या आवाजात म्हणालो, "काढतो, आज काढतो." त्याच वेळी काकींनी शेवटचे कलम वाचले, "हँडब्रेक सोडला?" मी फोन कानाशी धरूनच म्हणालो, "झालं."

घर हलले. दहा फूट, वीस फूट. आणि काकींची हाक आली. ती हाक ऐकून मी फोन बंद केला. जीपची पुढची चाके फिरत होती. मागची फिरत नव्हती. त्यांच्या मागे खडीवर दोन काळपट रेघा उमटल्या होत्या.

काका उतरून आले. दार उघडून त्यांनी हँडब्रेक सोडला. महामार्गावर तसेच गेलो असतो तर मागच्या ब्रेकने आधी धूर सोडला असता आणि पुढे टायरने पेट घेतला असता. घरातल्या चालकाला त्यातले काही जाणवले नसते. एवढ्या मोठ्या गाडीत मागच्या मोटारीचा टायर फुटला तरी पत्ता लागत नाही. काकांनी यातले काही ऐकवले नाही. ते म्हणाले, "तू ‘झालं’ म्हणालास."

त्यांच्या स्वरात आरोप नव्हता. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला मी आजवर हेच वाक्य किती वेळा ऐकवले असेन! तो जे बोलतो आणि जे घडलेले असते त्यांतील अंतर दाखविण्यावरच माझे पोट चालते. आज ते अंतर माझ्या स्वतःच्या तोंडी होते, आणि ते एका हँडब्रेकपुरते नव्हते. तीन दिवस मी त्यांच्या घरी जेवत होतो, त्यांच्या देवापुढे हात जोडत होतो, "सहज भेटायला आलो" असे सांगत होतो. मीच हँडब्रेक न सोडता त्यांच्या मागून चाललो होतो.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही विल्यम्स गावच्या तळावर उतरलो. येथून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे ६० मैलांवर आहे. उंचावरचा गाव, सूर्य मावळताच गारठा पडला. काकींनी भात आणि सोलकढी केली होती. जेवणे आटोपली आणि मी तोंड उघडणार एवढ्यात काकांनीच आमच्या घरच्या कोकणीत विचारले, "कागद हाडल्यात न्हय रे?"

मी बॅग उघडली. काकांना सारे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. चुलतभावाने त्यांना आधीच कळवले होते आणि मी केव्हा बोलतो याची ते वाट पाहत होते. मला फार ओशाळे झाले. त्यांनी चष्मा लावून तो मसुदा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला.

"यात अर्धं सोडायची सोय नाही का?" त्यांनी विचारले. "माजघर त्यांचं, पण पडवी माझी, असं?"

मी कायदा सांगितला. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेले तत्त्व असे की वारसा सोडायचा तर तो अंशतः सोडता येत नाही आणि अट घालूनही सोडता येत नाही. सोडायचा तर संपूर्ण. नाहीतर मुळीच नाही. आणि विवाहिताला तो जोडीदाराच्या संमतीवाचून सोडता येत नाही.

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेचाळीस वर्षं झाली. दर पावसाळ्यात घर गळतं असं तुम्ही लिहिता आणि मी लिहितो, पुढल्या वर्षी बघू. मला वाटायचं, मी काही मागत नाही, कुणाच्या आड येत नाही, मग माझा त्रास कुणाला? पण माझ्यामुळंच तिथं खिळा मारता येत नव्हता. धरलंही नाही अन् सोडलंही नाही."

मी काही बोललो नाही. त्यांनी सकाळी दाखवलेला भेद त्यांनीच स्वतःला लावला होता. गप्प बसणे म्हणजे मोकळे होणे नव्हे. या साऱ्या वर्षांत काका आमच्या घराच्या कारभारात कधी पडले नाहीत. आणि त्यांच्या त्या न पडण्यानेच वासे कुजत गेले.

तेवढ्यात काकी भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "माझी सही लागते म्हणतोस. मग इतक्या पत्रांत एकदाही मला का नाही विचारलंत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. सर्व पत्रे काकांच्या नावे गेली होती. ज्या घरात ती स्त्री नवी नवरी म्हणून आली, ज्या अंगणात तिने पहिली मंगळागौर जागवली, त्याविषयी तिचे मत कायद्याला आवश्यक वाटत होते. आम्हाला मात्र ती एक रिकामी रेघ वाटत होती, खाली सही करण्यापुरती. मी क्षमा मागितली.

"क्षमा नको," त्या म्हणाल्या. "घर दुरुस्त करा. पाडून नवं बांधलंत तरी माझं काही म्हणणं नाही. पण अंगणातलं तुळशीवृंदावन हलवू नका. आहे तिथंच राहू दे."

"काकी, हे अट म्हणून लिहिता येणार नाही. पण मी शब्द देतो," मी म्हणालो.

"शब्दच दे. लिहिलेलं कोण वाचतं!" काकी हसल्या, आणि वकिलाच्या धंद्यावरचा तो शेरा मी निमूटपणे पत्करला.

काकांच्या मनात मात्र आणखी काहीतरी अडकले होते. कागदाची घडी घालीत ते मोठ्या संकोचाने म्हणाले, "एक विचारू? घर सोडलं म्हणजे देवळातलं नावही जातं का?"

तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतकी वर्षे त्यांचा हात सहीपाशी का थबकत होता. पडवीचा मोह त्यांना नव्हता. त्यांना भय होते ते देवस्थानच्या महाजनांच्या नोंदवहीतील आपली ओळ पुसली जाण्याचे. एवढी साधी गोष्ट त्यांनी कोणाला विचारली नव्हती आणि आम्हीही, वकील असून, कधी सांगितली नव्हती. मी म्हणालो, "काका, महाजनकी कुळाची आहे, कौलांची नव्हे. आजोबांच्या घराची वाटणी झाली म्हणून ती वाटली जात नाही. तुमचं नाव जिथं आहे तिथंच राहील."

"नक्की?"

"नक्की. आणि या वेळी मी फोनवर बोलत नाही."

ते मोठ्याने हसले. मग उठून देवघराच्या फळीपाशी गेले, नमस्कार केला आणि म्हणाले, "उद्या कॅन्यन बघू. परवा फ्लॅगस्टाफला नोटरीकडे जाऊ."

ग्रँड कॅन्यनचे वर्णन मी करणार नाही; ते अनेकांनी केले आहे आणि माझ्या लेखणीला ते पेलणारे नाही. एवढेच सांगतो की घर तळावर ठेवून आम्ही तिघे त्या लाल जीपने गेलो. आता ती स्वतःच्या इंजिनावर धावत होती आणि तिच्या खात्यात मैल जमा होत होते. काका ती तरुणासारखी चालवत होते. तिसऱ्या दिवशी नोटरीसमोर दोन सह्या झाल्या, आधी काकींची आणि मग काकांची. अपोस्टिलचा शिक्का राज्याच्या राजधानीतून उमटवून कागद मागाहून पाठवायचे ठरले.

मी निघालो त्या सकाळी ते दोघेही पुढच्या प्रवासाला निघणार होते. जोडणी मीच केली. फोन आधीच बॅगेत टाकला होता. काकींनी शेवटचे कलम वाचले तेव्हा मी हँडब्रेकला हात लावून पाहिला आणि मगच "झालं" म्हणालो. काकी म्हणाल्या, "आज मी आत बसते. चाकं तू बघ." मी बाजूला उभा राहिलो. घर हलले. जीपची चारही चाके फिरू लागली, पुढची आणि मागचीही, सावकाश, बिनआवाज. मी हात वर केला. फाटकापाशी त्यांनी वळण्याचा दिवा लावला. तो आधी घराच्या पाठीवर आणि त्याच क्षणी जीपच्या पाठीवर लुकलुकला, आणि दोन्ही गाड्या वळून दिसेनाशा झाल्या.

हक्कसोडीचा दस्त त्यानंतर काही महिन्यांनी झाला. २०२४ च्या उन्हाळ्यात भावंडांनी पैसे घातले, वासे बदलले आणि घर पुन्हा शाकारले. गवंड्यांनी अंगणात वाळूचा ढीग वृंदावनाला टेकून टाकला होता. तो मी स्वतः उभा राहून दूर करवून घेतला.

मृगाचा पहिला पाऊस पडला त्या रात्री काकांचा फोन आला. कुठल्या तरी वाळवंटातल्या तळावरून ते बोलत होते.

"गळतं का रे?"

"नाही, काका. माजघर कोरडं आहे."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "तुझी काकी विचारते, तुळस कशी आहे?"

"मंजिऱ्या आल्यात म्हणून सांगा," मी म्हणालो.